पुरत नाही म्हणायची रीत

बाळंतिणीला दूध पुरतं का असं कुणी विचारलं, तर आमच्या वऱ्हाडातल्या घरी उत्तर ठरलेलं. पुरत नाही. पुरून उरत असलं तरी पुरत नाही. भरल्या पान्ह्याला नजर लागते आणि दूध आटतं, म्हणून घरातली मोठी बाई तोंड वाकडं करून सांगते, "कायचं दूध न् कायचं काय." विचारणारीलाही हे ठाऊक असतं. ती थोडं चुकचुकते, आणि विषय तिथेच संपतो.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पुढे पुण्यात येऊन समाजकार्यातलं शिक्षणही पूर्ण केलं. हे मी सांगते, कारण ते मी मिळवलंय, कुणी दिलेलं नाही. त्याच शिक्षणावर मला एका संस्थेत काम मिळालं. सरकारी दवाखान्यांत बाळंत झालेल्या बायकांना पाजायला मदत करायची, त्या घरी गेल्या की घरी जाऊन विचारपूस करायची, असा तो कार्यक्रम. पुण्यातल्या काही भागांत तो आधी करून बघितला होता. त्याचा उपयोग किती झाला हे तपासून तो इतर राज्यांत न्यायचा, असं दिल्लीहून ठरलं होतं. तपासायच्या कामात मी होते. घरोघरी जाऊन आयांना विचारायचं आणि लिहून आणायचं.

आया काय सांगत होत्या? पुरत नाही. येरवड्यात पुरत नाही, कात्रजला पुरत नाही. बाळाच्या हातापायाला वळ्या पडलेल्या, आणि आजी मागून म्हणतेय, पुरत नाही हो ताई.

आमच्या मॅडम मूळ पुण्याच्या. बैठकीत त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पाणी पुरत नाही, रस्ता पुरत नाही, आता हेही. मग आपण दोन वर्षं नक्की काय केलं?"

मी तेव्हा सातव्या महिन्यात होते. मी म्हणाले, "मॅडम, हे खरं नसतं. नजर लागू नये म्हणून म्हणतात. उद्या माझी आईही हेच म्हणणार, बघा तुम्ही." आणि आईच्या आवाजात मी ते 'कायचं दूध न् कायचं काय' म्हणून दाखवलं. सगळे खूप हसले. मॅडमसुद्धा हसल्या. "हे पुस्तकात नसतं मिळालं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून असं निघणं म्हणजे सत्कारच. त्या दिवशी मी बसमध्ये उभी होते तरी बसल्यासारखं वाटत होतं.

माझं म्हणणं प्रशिक्षणाच्या पुस्तिकेच्या मसुद्यात गेलं. आई 'पुरत नाही' म्हणाली तर ते उत्तर जसंच्या तसं घेऊ नये. हसून सांगावं की प्रत्येक आईचं दूध तिच्या बाळाला पुरतंच. वाक्य माझंच होतं. दिल्लीच्या लोकांनाही ते आवडलं. इतर भाषांत जाणार म्हणाले. नव्या कार्यकर्त्यांना शिकवायचं कामही मग माझ्याकडे आलं.

मग मुलगी झाली. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले नाही. आईच खराडीला आमच्या भाड्याच्या घरी आली. दूध भरपूर होतं. अंगावरचे कपडे भिजायचे. आणि शेजारच्या काकू आल्या की आई सुरू, "पुरत नाई पोरीले."

"आई, मी काय काम करते माहितेय ना तुला? लोकांना असं सांगू नको," मी म्हणायचे.

"तू कर तुयं काम. माया नातीले नजर लागली तं तुयी संस्था येनार हाय का उतरवाले?"

मला तिच्या बोलण्याची लाज वाटायची. काकू सदाशिव पेठेतून आलेल्या, त्यांच्यासमोर तर जास्तच. ही लाज आता लिहितानाही बरी वाटत नाही, पण होती.

कंत्राटातली रजा तीन महिन्यांची. ती संपली आणि मी कामावर गेले. पिशवीत हाताने दाबायचा पंप, एक डबी, बर्फाची पिशवी. दूध काढायचं कुठे? दवाखान्यातल्या बायकांच्या संडासात, उभ्याने, बाहेरून कुणीतरी कडी वाजवत असताना. गंमत बघा, संस्थेकडून खराडीच्या मोठमोठ्या कंपन्यांत आयांना दूध काढायला हिरकणी कक्ष आहे का, दाराला कडी आहे का, बसायला खुर्ची आहे का, हे विचारत फिरणारी मीच. आमच्या कार्यालयात असली खोली नव्हती. मी मागितली नाही. मागितली असती तर मला अडचण आहे हे कळलं असतं. आणि मला अडचण असणं कसं चालेल? मी तर सगळ्यांना सांगत होते की हे सोपं आहे.

हळूहळू डबीत कमी यायला लागलं. मग काढायचं राहूनच जायला लागलं. छाती आधी दुखायची, मग दुखायचीही थांबली.

एका रविवारी मी मुलीला पाजून बाजूला ठेवलं आणि ती पुन्हा रडायला लागली. आई पोळ्या लाटत होती. लाटणं ठेवून आली.

"पुरत नाई वं तिले."

मी हसले. हसून म्हणाले, "प्रत्येक आईचं दूध तिच्या बाळाला पुरतंच."

"मी नजरेचं नाई म्हनत. खरं सांगून रायली तुले. दिवसभर मुठी चोखते. काल त लघवीबी कमी केली तिनं."

"आई, तुझं खरं कोणतं आणि नजरेचं कोणतं, हे मी कसं ओळखायचं?"

आई माझ्याकडे बघत राहिली. पोळी तव्यावर करपली होती, तिकडे गेली.

लसीच्या दिवशी दवाखान्यात मुलीला काट्यावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, मुलीला उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा बघितला.

"मागच्या वेळेस होतं तेवढंच आहे. वाढलेलंच नाही. अंगावर पाजता?"

"हो."

"पुरतं?"

आई माझ्या मागे उभी होती. या वेळी तीही बोलली नाही.

"नोकरी करता?"

"हो."

"कुठे?"

मी म्हणाले, "खासगीत."

संस्थेचं नाव त्या बाईंना नक्की माहीत होतं. आमचं पोस्टर त्यांच्या मागच्या भिंतीला लावलेलं होतं, हसऱ्या आईचं. मीच लावायला दिलं होतं.

त्यांनी मला पाजायला बसवून बघितलं. मुलगी धरत नीट होती. दूधच कमी होतं. त्या रागावल्या नाहीत. दिवसा दर दोन-तीन तासांनी काढा, घरी असाल तेव्हा पाजतच राहा, म्हणजे पुन्हा वाढेल. तोवर मात्र वरचं द्यावं लागेल, वाटी-चमच्याने, आठवड्याने वजनाला आणा. हे सगळं मला पाठ होतं. मी ते शिकवत होते. तरी मान खाली घालून, शाळेत ऐकावं तसं ऐकत राहिले.

पावडरचा डबा मी घराजवळच्या मेडिकलमधून घेतला नाही. दोन बसथांबे पुढे जाऊन घेतला आणि ओढणीत गुंडाळून आणला. आईने पाणी उकळलं, वाटी-चमचा उकळला, सगळं शांतपणे केलं. मुलगी चमचा तोंडापाशी यायच्या आतच तोंड उघडत होती. एका चमच्यानंतर दुसरा यायला जरा उशीर झाला तर अंग ताठ करत होती. किती दिवस ती अशी भुकेली असेल, हे मला तिथे बसून बघवेना. मी आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसले. आई एका शब्दानेही 'बघ' म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

येरवड्यातली एक बाई मला तेव्हापासून आठवायला लागली. बारीक चणीची, पत्र्याच्या खोलीत राहणारी. तिची सासू नव्हती, आईही नव्हती. ती स्वतःच म्हणाली होती, पुरत नाही हो ताई. नजरेचं बोलायला घरात मोठी बाई लागते, आणि तिच्या घरात ती नव्हती, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मी तिला माझं वाक्य हसून ऐकवलं आणि उठले. आता पुन्हा गेले तर खोलीला कुलूप. गावाला गेली म्हणाले शेजारी. बाळ कसं आहे विचारलं, तर कुणाला सांगता येईना.

पुढच्या आठवड्यात पुस्तिका छपाईला जायची होती. बैठक होती. मॅडम, आम्ही चौघी आणि हिशोब बघणारे एक सर. मॅडम एकेक पान उलटत होत्या. ते पान आलं.

मी म्हणाले, "मॅडम, इथे बदल हवा. आई पुरत नाही म्हणाली तर आधी बाळाचं वजन करावं, आणि मगच काय ते बोलावं."

"का? नजरेसाठी म्हणतात, हे तुम्हीच सांगितलं होतं. नक्कल करून."

"म्हणतात. पण एखादीचं खरं असतं."

"एखादीचं म्हणजे कुणाचं?"

"आहे एक आई. खराडीची."

मॅडमनी समोरचे कागद चाळले. "खराडीतली एकही बाळंतीण आपल्या पाहणीत नाही. तिथे कोण गेलं होतं?"

मला वाटलं होतं, एका आईचं म्हणून सांगितलं की भागेल. कान तापले होते. गप्प बसले असते तर पुस्तिका तशीच छापली गेली असती, आणि कुठल्या तरी गावात माझ्यासारखीच एखादी शिकलेली बाई कुणाच्या तरी भुकेल्या लेकराकडे बघून हसली असती.

"मी राहते तिथे," मी म्हणाले.

शेजारी बसलेली सहकारी ताई माझ्या हाताला हात लावायला गेली आणि तिने तो मागे घेतला. मॅडमनी पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं.

"सांगा, काय लिहायचं."

मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. वजन, लघवी, पाजताना बसून बघणं. मी फार सावकाश, एकेक शब्द सांगत होते. लिहून झालं तेव्हा मी म्हणाले, "आणि मला दिवसातून दोनदा मागची खोली लागेल."

"कशाला?" मॅडमनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्यांच्या कार्यालयांत याचं उत्तर मी रोज द्यायचे, साहेबांसमोर, रखवालदारांसमोर. इथे मी आधी सरांकडे बघितलं. सर चहाचा कप उचलून बाहेर निघून गेले. ते गेल्यावर मी टेबलाकडे बघत म्हणाले, "दूध काढायला."

"त्या खोलीला आतून कडी नाही," मॅडम म्हणाल्या.

"माहितेय मला."

"मग तसं सांगायचं होतं ना आधी," त्या म्हणाल्या, आणि सुताराला फोन लावायला त्यांनी मोबाईल उचलला.