न वाचायचे अर्ज

वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलीच्या वाट्याला आला तो एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन पुढारी. देशाचा अध्यक्ष होऊन गेल्यावर गडी पुन्हा साधा प्रतिनिधी म्हणून सभागृहात येऊन बसला आणि गुलामगिरी बंद करा, असे लोकांचे अर्ज मांडू लागला. सभागृहाने नियमच केला, की हे अर्ज वाचायचे नाहीत. तरी म्हातारा उठायचा. आरडाओरडा करून त्याला खाली बसवायचे, तो पुन्हा उठायचा.

भाषण मीच लिहून देत होतो. सौदीतल्या यानबूच्या प्लांटमधली माझी जागा सौदायझेशनमध्ये, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी घ्यायच्या धोरणात गेली होती. हाताशी नुसतं टेबल उरलेलं, त्यामुळे रिकामपण भरपूर. माझ्या जागी आलेला सौदी तरुण मीच शिकवून तयार केलेला. स्वभावाने इतका चांगला, की त्याच्यावर धड चिडताही येईना.

माझा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, जानेवारीअखेर संपणार होता, आणि त्याच्याबरोबर बायको-मुलीचाही. मुलीची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, तिथल्याच केंद्रावर. दोन महिने राहू द्या, पगारसुद्धा नको, एवढाच माझा अर्ज. तो वर साहेबांकडे पोचवायला मी त्या तरुणाकडे दिला.

काही दिवसांनी तो माझ्या टेबलापाशी आला.

"इंजिनियरसाहेब, मुदतवाढीचे अर्ज वर आणूच नका, असं सांगितलंय."

"नाही म्हणाले का?"

"वाचलाच नाही."

माझं डोकं फिरलं. नाही म्हणा, तोंडावर फेका, पण वाचा तरी! हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने म्हणालो, "खलास. राहू दे."

त्याला जेवायचं आमंत्रण आधीच दिलेलं होतं. तो आला, खजुराचा डबा घेऊन. मुलीला आयताच श्रोता मिळाला. तिने हातवारे करत सगळं भाषण म्हणून दाखवलं. तो मन लावून ऐकत होता.

"मग तो नियम शेवटी गेला का?" त्याने विचारलं.

"यस अंकल! आठ वर्षांनी. ही नेव्हर गेव्ह अप!"

त्याने मान खाली घातली. बायको उगाचच त्याला भात वाढत राहिली.

"बाबा, स्पर्धा झाली की नो टीव्ही," मुलगी म्हणाली. "मार्चपर्यंत ओन्ली बोर्ड्‌स."

तिला सांगायचा धीर आम्हा दोघांनाही अजून झाला नव्हता.