दोन वर्षं लपवलेला अंतर्गळ

"हा हर्निया आहे," मुंबईचे सर्जन म्हणाले. "किती दिवसांपासून?"

"दोन महिने," मी म्हणालो. खरं तर दोन वर्षं झाली होती.

हर्निया म्हणजे अंतर्गळ. पोटाची भिंत एका जागी कमकुवत होते आणि तिथून आतडं बाहेर येऊ पाहतं. माझ्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती. आडवं झालं की आत जायची. वसईला माझी केळीची वाडी. घड उचलला की गाठ वर यायची. मी धोतराखाली पट्टा बांधून ती दाबत असे. सुशीलेला, माझ्या पत्नीला, तो पट्टा कंबरदुखीचा म्हणून सांगितला होता. असल्या जागेचं दुखणं बोलायचं कोणापाशी? तुमच्यापैकी कोणी असा गुपचूप पट्टा बांधत असेल, तर हे त्याच्यासाठी लिहितो आहे.

सर्जननी माझ्या सुटलेल्या पोटावर हात ठेवला. "या वजनाखाली टाके टिकायचे नाहीत. तीस रतल, म्हणजे तीस पौंड वजन उतरवा, मग ऑपरेशन. ओझं उचलायचं नाही. आणि नीट ऐका. गाठ कडक झाली, आत जाईना, ओकारी झाली, तर वजनाचं विसरा. त्याच तासाला निघा. दाबत बसू नका."

घरी मी एवढंच सांगितलं, की भात कमी करायचाय.

दर सोमवारी वाण्याकडे गोणी तोलायच्या काट्यावर बसायचो. सात आठवड्यांत अठरा रतल उतरले. पण जिवाला स्वस्थता नव्हती. जेवताना, पाटाचं पाणी वळवताना हात आपोआप जांघेकडे जाई. आडोशाला जाऊन गाठ चाचपायची, परत यायचं, पुन्हा जायचं.

आठव्या आठवड्यात एका सकाळी बैलगाडीत माल चढवताना गड्याच्या खांद्यावरून घड निसटला. मी तो झेलला. गाठ दगडासारखी झाली. आडवा झालो, श्वास रोखला, दाबलीसुद्धा. जाईना. थोड्याच वेळात ओकारी झाली.

"काय खाल्लंत?" सुशीलेने विचारलं.

मी धोतर सैल करून दाखवलं आणि डॉक्टरांचं बोलणं सांगितलं.

"म्हणजे पट्टा यासाठी होता?" तिने माझ्या काखेत हात घातला. "रागवायचं ते मी नंतर रागवेन. उठा."

टांगा तिनेच आणवला. स्टेशनवर गाडीला पाऊण तास होता. मला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. मी फलाटावर येरझारा घालत होतो आणि ती माझा दंड धरून सोबत चालत होती.

हॉस्पिटलात पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. मी जागा होतो. पडद्यापलीकडून सर्जनचा आवाज आला, "आतडं काळंनिळं पडलंय. गरम फडकी द्या. थांबू या."

मी छताकडे बघत राहिलो. त्या वेळी मला एकच गोष्ट टोचत होती. सुशीला बाहेर बाकावर एकटी होती, आणि तिला काहीही कळायला मार्ग नव्हता.

"रंग परततोय," अखेर ते म्हणाले. नंतर वॉर्डात त्यांनी सांगितलं, "आणखी उशीर केला असता, तर आतडं कापावं लागलं असतं."

बारा दिवसांनी घरी आलो. भेटायला माणसं आली. सगळ्यांना मी खरं तेच सांगितलं, जागेसकट. काही जण खाली मान घालून हसले.

शेजारच्या वाडीचे नारायणकाका, गावातले वडीलधारे, सगळे गेले तरी बसून राहिले. मग उठले, दार लोटलं.

"तुझा तो डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "कोणत्या वारी भेटतो रे?"

आणि त्यांनी धोतराच्या गाठीला हात घातला.