दसऱ्याचा लाल रंग आणि अर्थिंगची वायर

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी काकांनी ट्रॅक्टरला लाल ऑइलपेंट दिला. ट्रॅक्टर माझ्याहून वयाने मोठा. त्याचा मूळ लाल कसा होता, ते कुणालाच आठवत नव्हतं. सुटतील तेवढे भाग काकांनी सोडवले, घासले आणि रंगवले. खंडेनवमीला झेंडूची माळ घालून पूजा झाली, तेव्हा निमगाव सावाच्या आमच्या वस्तीवरचा जो तो बघून जात होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वडिलांनी, आबांनी, सेल्फ मारला. टक. पुन्हा मारला. पुन्हा नुसतं टक.

मळ्यात हरभरा पेरायचा होता. पेरणीपुरता ओलावा, वाफसा, अगदी नेमका आलेला, आणि ऊन असं की उद्यापर्यंत माती कडक झाली असती. आबांनी शेजाऱ्यांची चांगली बॅटरी आणून लावली. तरी टक. ढकलून सुरू करावा, तर शेडसमोरच चढ. वारूळवाडीचा मिस्त्री सणाला गावी गेलेला.

"आता बस हरभरं भाजत," आबा काकांना म्हणाले.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मीच, त्यामुळे काही बोलायचं म्हटलं की भीती वाटायची. चुकलं तर शिक्षणाचंच हसं होईल. तरी म्हणाले, "आबा, मी बघू का?"

"कॉलेजात ट्रॅक्टर शिकवत्यात व्हय गं?" काका हसले.

"बघू दे," आबा म्हणाले. "न्हाईतरी उभाच हाय."

मी हेडलाइटच्या जुन्या बल्बला दोन वायरी जोडल्या आणि त्या बॅटरीच्या दोन टोकांना धरल्या. बल्ब लख्ख लागला. काकांना सेल्फ मारायला सांगितलं. टक झालं, पण बल्ब जरासुद्धा मंद झाला नाही. सेल्फ एवढा करंट ओढतो की बल्ब मंद व्हायलाच हवा. म्हणजे सेल्फला हवा तेवढा करंट बॅटरीतून बाहेरच पडत नव्हता.

मग एक वायर बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला ठेवली आणि दुसरी मागच्या हुकाच्या पिनेला, जिथे घासून लोखंड उघडं पडलं होतं. बॅटरीचं हे टोक जाड वायरने ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्याला, चेसीला जोडलेलं आणि पिनही त्याच सांगाड्याला, त्यामुळे इथे बल्ब लागायलाच नको.

"काका, मारा!"

टक. आणि बल्ब लागला!

"आबा, लागला! लागायला नको होता, लागला!" मी ओरडले. आबांना काही कळलं नाही, पण ते धावत आले.

म्हणजे मधला जोडच तुटला होता. अर्थिंगची वायर चेसीला बोल्टने आवळलेली होती. मी विचारलं, "काका, रंग देताना ही सोडवली होती?"

"मंग! वायरीखाली तसंच ठेवायचं व्हय? तिथं तर तीन हात दिलेत." काकांना फार अभिमान वाटला.

"काका, रंगातनं करंट जात नाही."

आबांनी पाना आणला. बोल्ट सुटला तेव्हा खालचा रंग आरशासारखा चमकत होता. मी पॉलिश पेपर घेतला.

"हळू गं," काका कळवळून म्हणाले, "लई मेहनतीचा हाय त्यो."

"रुपयाएवढंच खरवडते, काका."

पांढरं लोखंड दिसलं. वायर परत आवळली. या वेळी आबा स्वतः सीटवर बसले. मी डोळे मिटून घेतले.

इंजिन एका दमात धडधडलं! शेड धुराने भरलं. आई चुलीपुढून पिठाच्या हातांनी बाहेर आली. काकांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. "आबा, बंद करा, आता मी मारतो सेल्फ," ते लहान पोरासारखे म्हणाले.

"काय खूळ लागलंय का तुला? बी घे आधी!" आबा ओरडले आणि गिअर टाकला. काका बियाण्याचं पोतं खांद्यावर टाकून मागे पळाले. मी त्यांच्याही मागे. आई काय झालं होतं म्हणून विचारत होती, पण मला धाप लागली होती, सांगता येईना. मळ्यात पेरणीच्या पहिल्या तासाची रेघ पडली, आणि फणाखालची माती अजून ओली, काळीभोर होती.