सोफा गेला, मागोमाग आई

लखनौच्या विद्यापीठात नाट्यविभागात एम.ए. करत होते तेव्हा मला भूमिका कुणी दिली नाही, सामान सांभाळायचं काम दिलं. हंगामात विद्यार्थ्यांची चार नाटकं व्हायची, आणि विभागाचं स्वतःचं फर्निचर म्हणजे दोन खुर्च्या. त्यातली एक बसलं की मोडायची. ती विनोदी नाटकासाठी जपून ठेवली होती.

पहिल्याच नाटकात श्रीमंताचा दिवाणखाना होता. गोमती नगरला आमच्या फ्लॅटमध्ये तिघांनी बसायचा सागवानी सोफा होता. बाबा रेल्वेत इंजिनियर. भुसावळपासून प्रत्येक बदलीत आईने तो गोधड्यांत गुंडाळून आणला होता.

"मम्मी, बस चार दिन की बात है," मी म्हटलं. घरात मी हिंदीत बोलते, आई मराठीत.

"चारच दिवस. आणि पाय वर घेऊन कुणी बसायचं नाही."

प्रयोगाला आई आली आणि पुढच्या रांगेत बसून दोन तास सोफ्याकडे बघत राहिली. नायक सोफ्याच्या हातावर रेलला की ती पर्स घट्ट धरायची. घरी जाताना मी विचारलं, नाटक कसं वाटलं. "डावा पाय जरा हलतोय," ती म्हणाली.

दुसऱ्या नाटकात दवाखाना होता, पेशंटांना बसायला काहीतरी हवं म्हणून सोफा तिथेच राहिला. घरी आम्ही चटईवर बसून टीव्ही बघायचो. बाबांचे साहेब सपत्नीक आले तेव्हा त्यांना पलंगावर बसवावं लागलं. आई त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तिसऱ्या नाटकात खून होता. रक्त म्हणजे बिटाचा रस. मी आईला शब्द दिला होता की खून खिडकीपाशी होईल, सोफ्यापासून चांगला लांब. तालमीत तो तिथेच होत होता. पण मरणारा मुलगा, जुन्या लखनौतल्या चौक भागात राहणारा आमचा सर्वांत हौशी नट, प्रयोगात असा रंगला की सुऱ्याचा वार खाऊन तीन पावलं जास्त चालला आणि पोटावरचा रस दाबत थेट सोफ्यावर कोसळला.

पुढच्या रांगेतली आई उभी राहिली.

"अरे बाळा, खाली मर ना."

मुलाने डोळे उघडले. शांतपणे उठला, जमिनीवर उतरला, अंग घडी केल्यासारखं आडवं केलं आणि मेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विंगेत तोंडात ओढणी कोंबून उभी होते.

नंतर तो आईकडे आला, ओला सदरा अंगापासून लांब धरून. "आंटी, आपने कहा ख़ाली करो, तो मैंने सोफ़ा ख़ाली कर दिया." मराठीतलं 'खाली' म्हणजे 'नीचे', रिकामं नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईनेही सांगितलं नाही. तिला सोफ्याच्या कापडावरचा डाग दिसत होता.

आमच्या दिग्दर्शक सरांनी मला बोलावलं. आता विभागातून नाव कमी होणार, असं धरूनच मी गेले. सर म्हणाले, "कल भी नीचे ही मरेगा. ज़्यादा सच्चा लगता है." मग विचारलं, "मम्मी चौथे नाटक की रिहर्सल में आ सकती हैं?"

आईने तीन दिवस लिंबू आणि खायचा सोडा घासून डाग फिका केला. चौथ्या नाटकाला सोफा लागणार नव्हता. तो घरी आला, बाबा त्यावर पेपर घेऊन पसरले. तरी आई तालमींना गेली. कोपऱ्यात बसायची, आणि नाटकातल्या आईचं काम करणाऱ्या मुलीला एकदा सांगितलं, "बेटा, पोळी लाटते वक्त कोई इतना नहीं सोचता."

प्रयोगाला ती इस्त्रीची साडी नेसून आली. रंगमंचावर आमच्या घरातलं काहीच नव्हतं. मध्यंतरात तिखट मटार खात तिने एका नटाबद्दल विचारलं, हा मुलगा कुठला.

"वही, जो उस दिन सोफ़े पर मरा था," मी म्हटलं.

"हो का," आई म्हणाली. "चांगलं काम करतो की. त्या दिवशी मी त्याचं तोंडच बघितलं नव्हतं."