कॅमेऱ्याला वाहिलेला झेंडू

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५. पोपटने कॅमेऱ्याचं कार्ड काढून आणलं. १,८४२ फोटो, सगळे केशरी. कुत्रा नाही, कोंबडी नाही. काही कळत नाही. कामाला येणाऱ्या हौसाने दुपारी वाल पाखडून दिले.

एवढं लिहून लतिकाबाईंनी पेनाला टोपण लावलं, पण डोक्यातला गुंता सुटेना. कॉन्व्हेंटात नन्सनी लावलेली रोजनिशीची सवय त्यांनी एक्कावन्न वर्षं मोडली नव्हती; नवरा, गोपाळराव, गेले त्या दिवशीही दोन ओळी लिहिल्या होत्या. आणि आज त्या केशरी फोटोंचं लिहायला कारणच सापडत नव्हतं.

कासू गावातल्या त्यांच्या वाडीतला हा कॅमेरा नात इशिताने लावलेला. समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा. ती पुण्याला परतल्यावर त्याची देखभाल बाईंकडे आली. दर पंधरा दिवसांनी सेल बदलायचे, काच मलमलने पुसायची, डबीतल्या मुंग्या झटकायच्या, समोरचं गवत कापायचं. सगळं तारखेनिशी नोंदलेलं.

आता त्या कॅमेऱ्यावर एका कुत्र्याचं नशीब टांगलेलं होतं. शेजारच्या बाबाजीच्या तीन कोंबड्या गेल्या होत्या. वाडी सांभाळणाऱ्या पोपटच्या काळ्यानेच त्या खाल्ल्या, असं बाबाजीचं म्हणणं. रविवारी त्याचा टेम्पो कोलाडला जाणार होता. काळ्याला तिथल्या हॉटेलांपाशी सोडून येईन, असं त्याने सांगून टाकलं होतं. शेजाऱ्याशी वैर नको म्हणून पोपट मान खाली घालून हो म्हणाला होता.

शनिवारी सकाळी बाई कुंपणाशी गेल्या आणि थबकल्या. कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकवाचं बोट होतं, आणि त्यापुढे झेंडूची माळ वाऱ्यावर झुलत होती. खंडेनवमीला पोपटने कोयते पुजले, पंप पुजला. ते त्यांनी लिहिलंही होतं. याचा उल्लेख मात्र नव्हता.

"ह्याला कशाला रे?" त्यांनी विचारलं.

"यंत्रच हाय ना बाई ते? काळ्याचा निवाडा तेच करणार. म्हणून त्याला दोन फुलं जास्तच घातली."

रागवावं की हसावं, बाईंना कळेना. त्यांनी सेल काढले, काच पुसली, कार्ड आणि नवे सेल घातले. माळ टाकून द्यायला पोपट तयार होईना. सुकल्याशिवाय नाय, म्हणाला. शेवटी त्याने ती समोरच्या कुंपणाच्या तारेवर अडकवली.

दुपारी बाबाजीची चौथी कोंबडी ओरडली. कार्ड लॅपटॉपला लावलं तर फोटो लख्ख होता: कोंबडीची मान धरून कुंपणाखालून निघालेलं मुंगूस. बाईंनी बाबाजीला हाक मारली. त्याने चष्मा लावून फोटोचा कोपरा वाचला आणि मान हलवली.

"बाई, हा दोन हजार वीसचा हाय. एक जानेवारीचा. जुनं काढून दाखवता होय?"

बाई गोंधळून गेल्या. वीस साली हा कॅमेरा वाडीत नव्हताच. त्यांनी मॅन्युअल उघडलं, दोन पानं मागे, दोन पुढे. सेल काढले की तारीख पुसली जाते, ती पुन्हा घालायची असते. जन्मभर तारखा लिहिणाऱ्या बाई नेमकी तीच विसरल्या होत्या. आता सांगितलं तरी बाबाजी मानणार नव्हता. सबब वाटली असती.

पोपट मागून फोटोकडे बघत होता. त्याने हळूच मुंगसाच्या वर बोट ठेवलं. "ही माळ बघ. तुझ्याच सुनेने दिलेली फुलं. सकाळी मी तिथं अडकवली."

बाबाजीने फोटो पाहिला, मग खिडकीतून कुंपण पाहिलं.

"मग उद्या टेम्पोत जागा हाय," तो शेवटी म्हणाला. "कोलाडहून खुराड्याला जाळी आणतो."

काळ्या ओटीवर निजलेला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी लिहिलं: कॅमेऱ्यात तारीख घातली, दोनदा तपासली. वाल भिजत घातले.