गॅरंटीतला बुलडॉग

मिक्सर, पंखे, इस्त्र्या आणि पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटी उन्हानं पार पांढरी पडली होती आणि ती पुन्हा रंगवण्याचा खर्च त्यांना पटत नव्हता. त्यामुळे सगळा रस्ता त्यांना वसूलराव म्हणायचा. घेतलेल्या वस्तूनं आपली किंमत भरून काढल्याशिवाय ते तिला सुट्टी देत नसत. घरातला टेबलफॅन त्यांनी इतका राबवला होता की तो शेवटी बंद पडला तेव्हा बायको म्हणाली, "सुटला बिचारा."

कुत्रं हवं होतं ते मुलीला. "रस्त्यावरचं आण एखादं, फुकट मिळतं," असं वसूलराव म्हणाले होते आणि मुलगी लगेच तयारही झाली होती. घोळ घातला तो वसूलरावांनीच. शहराबाहेर शेड टाकून अस्सल जातीची कुत्री पाळणारा आणि विकणारा एक कुत्रेवाला त्यांच्याकडे पंप दुरुस्तीला घेऊन आला. बोलता बोलता कुत्र्याचा विषय निघाला.

"बुलडॉग घ्या. नर घ्या, कागदपत्रांसकट," तो म्हणाला. "वयात आला की लोक आपापल्या माद्या घेऊन दारात उभे राहतात. प्रत्येक जोडीला वेगळी फी. तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं."

वसूलरावांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हवेतच थांबला. वाढत्या वयाबरोबर जास्त कमावणारी आणि जिची कॉइल जळत नाही अशी वस्तू त्यांना आयुष्यात प्रथमच भेटत होती.

किंमत मात्र एका चांगल्या जुन्या स्कूटरइतकी होती. तेवढे पैसे घरात होते, पण ते स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी ठेवलेले.

"अहो, ओट्याच्या फटीतून झुरळं ये-जा करतात," बायको म्हणाली. "तुमचा बुलडॉग झुरळं खातो का, तेवढं विचारून घ्या."

"एकदा कमवायला लागू दे. एकाचे दोन ओटे करून देतो."

"दोन ओटे काय डोक्यावर ठेवू?"

शेडमध्ये वसूलरावांनी मिक्सर तपासावा तशी पिल्लं तपासली. उचलून वजन पाहिलं, उलटंसुलटं केलं, एकेकाला कानाला लावलं. एका पिल्लाच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. बाकीची अगदी गप्प. "याची मोटर दणकट आहे," वसूलराव मुलीला म्हणाले. कुत्रेवाल्यानं चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता मान डोलावली. शिवाय जन्मजात दोष निघाला तर पिल्लू बदलून देण्याची गॅरंटी दिली. सोबत वंशावळीचा कागद होता. वसूलरावांना स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नव्हतं, पण पिल्लाच्या खापरपणजीनं प्रदर्शनात बक्षीस मिळवल्याची नोंद त्यांच्या हातात होती. पिल्लाचं कागदावरचं नाव एका दमात म्हणता येईना, म्हणून घरात सगळे त्याला साहेब म्हणू लागले.

साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे खर्च आले. साहेबांचं खाणं वेगळ्या दुकानातून यायचं आणि त्या पोत्यावर छापलेला कुत्राही श्रीमंत दिसायचा. साहेबांच्या तोंडावरच्या घड्या रोज पुसून त्यांत औषधी पावडर घालावी लागे. ती बायकोच्या पावडरीपेक्षा महाग होती, हे बायकोनंच डबा वाचून जाहीर केलं. मग उन्हाळा आला आणि साहेब जिभेची लांबी दाखवत फरशीवर आडवे झाले. त्यांना गारवा पाहिजे, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ज्या घरात माणसांसाठी कधी एसी आला नव्हता, तिथं तो हप्त्यावर आला आणि मुलीच्या खोलीत बसला. आठवड्याभरात वसूलराव आणि बायको आपापल्या गाद्या उचलून त्या खोलीत राहायला गेले. साहेबांनी परवानगी दिली.

दिवसा साहेब दुकानात असत. कामाच्या टेबलाखाली, वसूलरावांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपत. वसूलराव खाली वाकून त्यांना समज देत, "झोप, झोप. सगळं फेडायचंय तुला." पण पाय काही हलवत नसत. मुंग्या आल्या की ग्राहकालाच सांगत, "जरा तो पाना इकडे देता का? मला उठता येत नाही."

साहेब वयात आले, तसे वसूलराव त्यांना तपासणीसाठी घेऊन गेले. मुलगीही सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी पोटाखाली हात घातला आणि जरा वेळ चाचपलं.

"एकच आहे."

"काय एकच?"

"वृषण. दुसरं पोटातच राहिलंय, खाली उतरलेलंच नाही."

मुलगी भिंतीवरचा मांजरींचा तक्ता अतिशय लक्षपूर्वक वाचू लागली.

"एकावर नाही भागणार?" वसूलरावांनी विचारलं.

"अहो, जोड लावायचीच नाही याची. दोष पिल्लांत उतरतो. ऑपरेशन करून दोन्ही काढावी लागतील, नाहीतर पुढं पोटात गाठ होण्याची भीती आहे. आणि या नाकपुड्या बघा, नुसत्या चिरा आहेत. श्वास कोंडतो म्हणून हा घरघर करतो. त्या त्याच वेळी मोठ्या करू."

"म्हणजे ती मोटर..."

"कसली मोटर?"

"काही नाही."

ऑपरेशनचा आकडा ऐकून वसूलराव स्टुलावर बसले. तेवढ्यात दुसरे साहेब आले असते, वर थोडे पैसे उरले असते. त्यांच्या दुकानाचा नियम साधा होता. दुरुस्ती किमतीच्या निम्म्यावर गेली की ग्राहकाला आपण होऊन सांगायचं, यात पैसे घालू नका, नवीन घ्या. इतकी वर्षं त्यांनी हा सल्ला प्रामाणिकपणे दिला होता आणि लोकांनी तो ऐकलाही होता.

"गॅरंटी आहे," जेवताना ते म्हणाले. "उद्या बदलून आणतो."

मुलगी ताटावरून उठून गेली. बायको काहीच बोलली नाही. तिच्या बोलण्याची वसूलरावांना आता सवय झाली होती. भीती वाटायची ती न बोलण्याची.

सकाळी साहेब स्कूटरवर पुढं उभे राहिले आणि वारा खात ऐटीत शेडवर पोचले. कुत्रेवाला शब्दाचा पक्का निघाला. कागद बघितला, साहेबांना उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. आतलं कुठलंही पिल्लू उचला. याला इथं बांधून ठेवा."

"याचं पुढं काय करणार?"

"तुम्ही जुना मिक्सर घेऊन नवा देता ना? त्या जुन्याचं काय करता?"

वसूलराव काय करत, ते त्यांना पाठ होतं. सुटे भाग काढून घेत आणि उरलेलं भंगारात देत. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी उन्हातून थोडं सरकून त्यांच्या सावलीत बसकण मारली होती.

"पिल्लू राहू दे," वसूलराव म्हणाले. "त्याबदली काही पैसे परत द्या."

"पैसे परत देत नाही मी. पिल्लू बदलून देतो."

"मग एक खाण्याचं पोतं तरी द्या."

"वसूलराव, बदलायचं नसेल तर गॅरंटी संपली. पोतं कसलं मागताय?"

बरीच घासाघीस करून वसूलरावांनी त्याच्याकडून अर्धं पोतं आणि एक वापरलेला पट्टा मिळवला. पोतं पायाशी, पोत्यावर साहेब, अशी स्कूटर घरी आली. दारात बायको उभी होती.

"नवं कुठाय?"

"ते मॉडेल बंद झालंय म्हणाला."

बायकोनं साहेबांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"बरं. आज संध्याकाळी त्याला थोडंच घाला. उद्या सकाळी उपाशीपोटी आणायला सांगितलंय डॉक्टरीणबाईंनी."

"तू फोन केलास? कधी?"

"तुम्ही स्कूटरला किक मारलीत तेव्हा."

वसूलराव पोतं उतरवू लागले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "काही कमी करतील का, विचारलंस?"

"विचारलं," बायको म्हणाली. "नाही म्हणाल्या."