हणमंतअण्णांची पक्की नोंद

हणमंतअण्णांसारखा साधा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही. त्यांच्या गल्लीत कुणालाही विचारा, हेच सांगतील, आणि ते खरंही आहे. फक्त त्यांच्यापुढं त्या प्रतिक्षाचं नाव काढू नका.

अण्णांनी एका कॉलेजात एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली, वनस्पतिशास्त्राच्या खोलीत. साहेब लोक माळावर जायचे ते टोपी घालून उभे राहायला. झाड मुळासकट काढायचे ते अण्णा. टीपकागदात घालायचं, दोन फळ्यांत आवळायचं, वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं, सगळं अण्णांनीच. खाली चिठ्ठी लागायची, तिच्यावर 'गोळा करणारा' म्हणून नाव मात्र साहेबांचं. असे चार हजार कागद झाले आणि एकावरही हणमंत नाही.

रिटायर झाल्यावर लेकीनं त्यांच्या फोनात झाडं ओळखायचं अॅप घालून दिलं. फोटो टाकला की मशीन नाव सुचवतं. मग दुसऱ्या कुणी जाणत्यानं 'बरोबर' म्हटलं की नोंद पक्की, आणि तिच्यावर फोटो काढणाऱ्याचं नाव साऱ्या जगाला दिसतं. अण्णांना आभाळ ठेंगणं झालं की! दोन वर्षांत ते जिल्ह्याच्या यादीत पहिले आले, चारशे बारा जाती. सकाळी देवाला हात जोडायच्या आधी ते ती यादी बघायचे.

आणि मग जुळे सोलापूर या नव्या वस्तीतनं ही प्रतिक्षा उगवली. बँकेत कारकून, वय सव्वीस, बुडाखाली स्कुटी. दर सुट्टीला माळ पालथा घालायची. आठ महिन्यांत तिच्या चारशे तीस झाल्या. अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात पोरगी गोड. झाड अडलं की 'अण्णा, तुम्हीच सांगा' म्हणणार. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

"पोटात जळजळ हुतीया, सोडा दे," अण्णा बायकोला म्हणाले.

"सोड्यानं काय हुतंय?" विठाबाई म्हणाल्या. "त्या पोरीचा आकडा खाली आला की आपसूक थांबंल."

श्रावणात प्रतिक्षानं एका वेलाचा फोटो टाकला. फूल कंदिलासारखं, जमिनीत कंद. मशीन म्हणालं, नेहमीचीच जात. प्रतिक्षानं खाली लिहिलं होतं, 'फुलाच्या गळ्यात केस आहेत. मला ही दुर्मिळ जात वाटते. एकच वेल आहे.' अण्णांनी फोटो बघितला आणि त्यांचा घास हातातच राहिला. पोरीचं बरोबर होतं. चौऱ्याण्णव साली तोच वेल त्यांनी स्वतः कागदावर चिकटवला होता. त्यानंतर जिल्ह्यात तो कुणाला दिसला नव्हता.

तिचा फोन आलाच. "अण्णा, तुमच्याशिवाय कोण सांगणार? लोक कंद उपटून नेतात, म्हणून नकाशावर जागा लपवलीय. तुम्हाला सांगते. होटगीच्या पलीकडं, पडक्या हौदामागं, हेकळाच्या काटेरी जाळीत."

"नुसत्या फोटोवरनं सांगता येत न्हाई, बाळ," अण्णा म्हणाले. इतकं सरळ खोटं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते होटगीला गेले. वेल होता. त्यांनी फोटो काढला. तिथनंच माघारी फिरावं की नाही? पण पोटदुखीला अर्ध्यावर थांबणं ठाऊक नसतं. फोटोनं त्या वेलापुरती नुसती बरोबरी होणार होती, आणि अण्णांना बरोबरी नको होती. त्यांनी पिशवीतनं खुरपं काढलं. कंद अख्खा निघाला, मुळाचा एक धागासुद्धा न तुटता. घरी येऊन वेल टीपकागदात घातला आणि चिठ्ठी लिहिली, 'गोळा करणारा: हणमंत'. साहेबांनी आपल्याशी जे केलं तेच आपण या पोरीशी करतोय, हे त्यांना कळलं नाही असं नाही. कळलं, आणि कळूनच केलं.

फोटो अॅपवर चढवला आणि दुपारपर्यंत नोंद पक्की झाली. 'बरोबर' म्हणणाऱ्याचं नाव होतं प्रतिक्षा. तिची स्वतःची नोंद तशीच कच्ची पडलेली, आणि यांच्या नोंदीखाली तिनं लिहिलं होतं, 'अण्णा स्वतः जाऊन बघून आले! आता माझी शंका फिटली. रविवारी दोघं जाऊ या, शेंग धरते का बघू.'

नाही म्हणायला अण्णांना कारण सुचेना. रविवारी ते तिच्या स्कुटीवर मागं बसून गेले. वाटेत ती सारखी बोलत होती आणि अण्णा नुसतं हूं हूं करत होते.

हेकळाच्या जाळीत खड्डा होता. प्रतिक्षा खड्ड्याच्या कडेला खाली बसली.

"साळिंदर असेल का हो, अण्णा?"

"असंल," अण्णा म्हणाले.

"साळिंदर खाताना सांडतं म्हणतात. कंदाचा तुकडा कुठं राहिला असला तर परत लावता येईल." तिनं बाह्या मागं सारल्या आणि बोटांनी माती चाळायला लागली. एकेक ढेकूळ फोडायची, फुंकर घालून बघायची, बाजूला ठेवायची. त्या मातीत काही नाही हे अण्णांना चांगलं ठाऊक होतं. पोरगी काही उठेना.

"अण्णा, तुमची नजर तयार आहे. तुम्ही बघा की जरा."

अण्णा गुडघे टेकून तिच्या शेजारी बसले आणि माती चाळू लागले.